इनासमामांचा तळवा

पाहुणे तासभर आधीच आले. लेकीच्या साखरपुड्याला फेलिक्सने वसईच्या अंगणात धुराच्या भट्टीत डुकराची मांडी लावली होती, आणि ती व्हायला अजून वेळ होता. "जेवण उद्या का रे?" साडूने टोमणा मारला. फेलिक्सने कुणाला न विचारता नारळाची चार सोडणं निखाऱ्यांवर टाकली. एकशे दहा अंशांवरचा काटा दोनशेच्या पार गेला.

भट्टी खरं तर इनासमामा सांभाळत होते, पण शेजारच्या पापडी गावात, आपल्या पलंगावर बसून. गुडघे गेल्यापासून ते भट्टीशी जोडलेला हातमोजा घालून घरूनच आच राखत. इथली धग मोज्यातून त्यांच्या तळव्याला लागे आणि त्यांनी मूठ आवळली की इथे भट्टीची हवा कमी होई.

काटा हळूहळू खाली आला. मांडी वाचली, लुसलुशीत झाली. साडू बोटं चाटत राहिला. "आच राखायला हात लागतो," फेलिक्स ऐटीत म्हणाला.

संध्याकाळी तो डबा घेऊन पापडीला गेला. मामांचा तळवा फोडांनी भरला होता. मामी मलम लावत होत्या.

"मोजा काढायचा ना, मामा!"

"काढला असता तर भट्टी मोकाट सुटली असती. लेकीचं जेवण करपलं असतं." मामा हसले. "तिकडे वारा सुटला होता काय रे?"

"हो मामा. फार वारा होता."

 मामींनी डबा उघडून मामांना घास भरवला. खिडकीबाहेर माडाची एकही झावळी दिवसभरात हलली नव्हती.