बर्लिनला किती दिवस

युरोपच्या ट्रिपचा प्लॅन मीच करणार, असं मी घरात जाहीर करून टाकलं. आई, पप्पा आणि मी, हातात बारा दिवस. पॅरिसला चार, स्वित्झर्लंडला पाच आणि माझा सख्खा भाऊ प्रसेनजीतदादा नोकरीला आहे त्या बर्लिनला तीन.

आईनं कागद बघितला. "पॅरिसला चार दिवस काय करायचं हाय? एक कर. बर्फ बी दोन दिवसांत बघून होतंय की. बाकीचं सगळं दादाकडं."

"नऊ दिवस? बर्लिनला एवढं बघायला काय हाय गं?"

"त्यो हाय की." असं म्हणून तिनं बॅगेत तीन चादरी कोंबल्या. "त्याच्याकडं जास्तीची अंथरुणं कुठनं असणार? आपण खालीच झोपू."

मी लगेच नवा तक्ता करून दादाला पाठवला. पाचच मिनिटांत मेसेज आला आणि तो मी तोऱ्यात मोठ्यानं वाचायला लागले.

"भारी प्लॅन केलायस मने. पण बर्लिन दोन दिवसांत होतंय. हॉटेलची लिंक पाठवतो, बुक करून टाक."

आईनं बॅगेतल्या तिन्ही चादरी बाहेर काढल्या. मग म्हणाली, "त्यातल्या त्यात त्याच्या घराजवळचं बघ."