सत्तर टक्के

तिसरा घाव पडला आणि मोबाईलचा पडदा काळा झाला. परत उजेड आला तेव्हा ऐरण रिकामी होती. वच्छलाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खाली लाल अक्षरांत हिंदीत दोन ओळी आल्या होत्या. प्रयास असफल. सामग्री नष्ट.

मोबाईल तिच्या लेकीचा, स्नेहाचा. पोलीस भरतीत नाव लागलं तशी स्नेहा प्रशिक्षणाला गेली. तिथे मोबाईल चालत नव्हता, म्हणून जाताना तो आईच्या हाती देऊन गेली आणि आपला खेळही तिच्यावर सोपवून गेली. मालेगावातल्या चौघी मैत्रिणी मिळून तो खेळायच्या. खेळाचा हंगाम संपायच्या आत स्नेहाची तलवार घडायला हवी होती. रोज डोंगर खणायचा, रोज एकच खडा मिळायचा. चाळीस खडे झाले की हातोड्यावर बोट ठेवायचं. हे सगळं स्नेहाने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. सातवी शिकलेली वच्छला अंगणवाडीतून आली की पाय धुवायची आणि डोंगर खणायला बसायची. एकही दिवस तिने चुकवला नाही. नणंदेच्या पोरीच्या हळदीत, मांडवामागे उभी राहून, पिवळ्या बोटांनी खडा काढला होता.

आज चाळीस भरले. हातोड्याशेजारी सत्तर टक्के असं लिहून आलं. सत्तर म्हणजे पहिला वर्ग, तिच्या मनात आलं. सत्तरवाला कुठं नापास होतो? तिने बोट ठेवलं होतं.

हंगाम आजच पाच वाजता संपत होता. साडेचारला, दर रविवारसारखा, प्रशिक्षण केंद्रातून स्नेहाचा फोन येणार होता. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

तिने मोबाईल बंद करून चालू केला. खडे ठेवायची पेटी उघडली. शून्य. पुन्हा उघडली. मग उलट्यासुलट्या चपला पायांत अडकवून ती चौकातल्या लखनच्या मोबाईल दुकानात धावत गेली. लखनने वरखाली करून पाहिलं. जे गेलं ते परत येत नाही, म्हणाला. पैसे भरले तर नवे खडे मिळतात, पण तलवार होण्याची शक्यता पुन्हा सत्तरच टक्के. वच्छलाने कमरेची पिशवी सोडली. पैसे भरल्यावर तरी तलवार नक्की होईल का, एवढंच तिने विचारलं.

लखनने तिचा हात मागे सारला. "काकू, नक्की होत असती तर लोक दुसऱ्यांदा पैसे कायले भरतीन?"

ती घरी आली तेव्हा नवरा, इंद्रभान, अंगणात कूलरचं पातं ठोकून सरळ करत होता. एसटी आगाराच्या वर्कशॉपमध्ये त्याची तीस वर्षं लोखंडात गेली होती. त्याला खेळातलं काही कळत नव्हतं, पण बायकोचा चेहरा पाहून त्याने हातोडी खाली ठेवली. वच्छलाने सगळं सांगितलं. त्याने हात पुसले, मोबाईल घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"लोखंड बिघडलं तरी लोखंडच राह्यते वं," तो म्हणाला. "वितळवलं त दुसरं काई होते त्याचं. हे गेलं कुठी?"

पोरीला आता काय सांगू, वच्छला म्हणाली. खरं ते सांगून टाक, तो म्हणाला, खेळच तर आहे. आणि त्याच्या हातातच मोबाईल वाजला. त्याने स्पीकर लावून तो बायकोपुढे धरला.

स्नेहा एरवी आधी जेवणाचं विचारायची, मग शेजारच्या शेळीला किती पिल्लं झाली ते. आज तिने काहीच विचारलं नाही. एका दमात सांगून मोकळी झाली. गुडघा सुजलाय. धावण्यात दोनदा पडली. शुक्रवारी तुकडीतल्या सगळ्या पास झाल्या, ती एकटी राहिली. येत्या आठवड्यात आणखी एक संधी आहे, आणि ती शेवटची. पोरगी रडत नव्हती, कोरड्या आवाजात बोलत होती. वच्छलाला तेच जास्त लागलं.

"मी रोज पळून राह्यली आई. सकाळी, संध्याकाळी, रोज. तरी काईच जमून नाई राह्यलं."

मग स्नेहानेच विचारलं.

"तलवार तरी झाली का?"

इंद्रभानने ऐकलं. तो बायकोकडे पाहत राहिला. सांग, अशी त्याने मान हलवली.

"झाली," ती म्हणाली.

तिकडे स्नेहाने ओरडून कोणाला तरी सांगितलं. दोन-तीन पोरींचे आवाज आले, टाळ्या वाजल्या. स्नेहा हसली, आणि हसता हसता इतका वेळ अडवून धरलेलं रडू तिला आलं. इंद्रभानने तोंड फिरवलं आणि कूलरच्या वाकड्या पात्याकडे बघत बसला.

"कशी दिसते आई? सांग ना. पाच मिनिटं हायेत माह्याजवळ."

वच्छलाने भिंतीला पाठ टेकली. डोळे घट्ट मिटले.

"निळी हाये," ती म्हणाली. "अन् बाई, लय उजेड हाये तिले."