पाहुण्यांचे पोहे होईपर्यंत

अकोल्याचे पाहुणे खुशीला पाहायला वलगावात आले आणि इकडे स्वयंपाकघरात तिच्या आईनं, शकुननं, डोळ्याला पदर लावला.

"अवं, रडून काहून राहिली?" देवीदासनं बायकोला दबक्या आवाजात विचारलं.

"पोरगी बिदा झाली नं!"

पोहे बाहेर गेले तोवर शकुनचं रडं ओसरून संताप चढला होता. "सासू पोरीच्या सयपाकाले नावं ठेवून राहिली!"

"अवं, ते बाई तं बाहेर पोहे मागून मागून खाऊन राहिली!"

तेवढ्यात खुशी आत आली. "आई, मले हा पोरगा पसंत नाही."

शकुननं तिला पोटाशी घट्ट धरलं. "बरं केलं माय, निंगून आली. लय सोसलं वं तुनं त्या घरी."