पाकिटावरची आई

हौसाबाईंच्या नातीचं लग्न झालं, त्या वर्षी त्यांच्या मुलाने, उत्तमने, आईचा हसरा फोटो जाहिरातींसाठी फोटो विकणाऱ्या ऑनलाइन बाजारात पाठवला. त्याने आधी पाठवलेले सूर्यास्ताचे अकरा फोटो बाजाराने परत केले होते. अर्जात विचारलं होतं, चेहरा घरच्या वापरासाठी राखायचा का? उत्तमने ‘नको’वर बोट टेकवलं, कारण ‘नको’ म्हणणाऱ्यांचे फोटो लवकर मंजूर होत.

दुसऱ्याच दिवशी लग्नाच्या सगळ्या फोटोंत हौसाबाईंच्या तोंडाच्या जागी राखाडी गोळा आला. कुठलाही कॅमेरा, कुठलाही प्रिंटर त्यांचा चेहरा उमटवेना. तो फोटो एका चूर्णाच्या कंपनीने विकत घेतला; तिच्या पोटाच्या चूर्णाच्या पाकिटावर मात्र त्या चमचा धरून हसत होत्या. येईल त्याला उत्तम ते पाकीट दाखवायचा.

“एक फोटो घरात राहू दे रे,” हौसाबाई म्हणाल्या. “उद्या हार कशाला घालशील?”

“आई, तू आता देशभर आहेस.”

“देशभरची माणसं माझ्या तेराव्याला येणार आहेत का?”

हौसाबाई माघ वद्य पंचमीला, सोमवारी सकाळी वारल्या. तेराव्याला उत्तमने मोठी फ्रेम आणली, पण तिच्यात घालायला काही नव्हतं. शेवटी त्याच्या बायकोने, मंदाने, पाकीट कापून फ्रेममध्ये बसवलं.

“चमचा काढता येईल का?” त्याने विचारलं.

“हनुवटी जाईल. हार जरा खाली सोडा.”

पाहुणे वाकून नमस्कार करत होते आणि हाराखालचं ‘सकाळी पोट साफ’ वाचत होते.

हौसाबाई माघ वद्य पंचमीला, सोमवारी सकाळी वारल्या.