बावीस बायकांचं मत

टेबलावर अठ्ठेचाळीस फॉर्म होते : सव्वीस पुरुषांचे, बावीस बायकांचे. प्रश्न दोनच. निळ्या पक्षाचा नेता निर्णयक्षम वाटतो का? आणि प्रामाणिक? इंग्लंडमधल्या त्या छोट्या गावातल्या मराठी मंडळाची ही निवडणूक-पाहणी उद्या स्थानिक वर्तमानपत्रात येणार होती, खाली शर्वरीचं नाव घालून.

बावीसही बायकांनी दोन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हटलं होतं. इतकं एकमत तिला पटेना. तिने नवरा-बायकोचे फॉर्म शेजारी शेजारी लावले. त्याची शाई हिरवी, तर तिचीही हिरवी. त्याची खूण तिरकी, तर तिचीही तितकीच तिरकी.

“काका, हे सगळे नवऱ्यांनी भरलेत!”

“मग? घरातले कागद आम्हीच भरतो,” सेक्रेटरी काका हसले. “काय गं सुलभा, तुझं काही वेगळं मत आहे का?”

हॉलमध्ये जमलेल्या सगळ्या जोडप्यांना चहा ओतणाऱ्या सुलभाकाकूंनी किटली खाली ठेवली. “विचारलंत कधी?”

शर्वरीचे कान तापले. “मतदानालाही यांच्या कागदावर तुम्हीच खूण करणार का?”

“उगाच शहाणपणा नको. आहे तेच पाठव.”

“मग माझं नाव काढा. नाहीतर सगळे पुरुष दहा मिनिटं हॉलबाहेर जा.”

काका काकूंकडे वळले. काकूंनी दार उघडून धरलं. पुरुष एकेक करून बाहेर पडले.

शर्वरीने प्रत्येकीला कोरा फॉर्म आणि पेन दिलं. दहा मिनिटांनी तिने मोजणी केली.

निर्णयक्षम म्हणणाऱ्या, वीस. प्रामाणिक म्हणणाऱ्या, तीन.