पावणेसातचा फोन

आयसीयूबाहेरच्या रॅकवर बूट ठेवताना दत्तप्रसादनं वाक्य पुन्हा एकदा मनात घोकलं. ‘काकू, आज सकाळी काकांनी मला फोन केला होता.’ एवढंच. पुढचं त्यांचं त्यांना कळेल.

शालूबाई बाकावर एकट्याच बसल्या होत्या. त्याला बघताच उठल्या, शेजारची पिशवी उचलून त्यांनी जागा केली.

“या सर. येवढं काम टाकून आलासा. बसा की.”

“काका कसे आहेत?” त्यानं विचारलं.

“हायत. जीव वाचला. पर काळजाचा एक भाग कायमचा गेला म्हणत्यात डाक्टर. सकाळी सातला आणायला पायजे हुतं. आमी आणलं एकला.”

दत्तप्रसाद बाकाच्या कडेला टेकला. आकारामकाका बिद्रीच्या कारखान्यातून रिटायर होऊन कोल्हापुरात राहायला आले होते. रक्तातली साखर वाढली म्हणून नऊ दिवसांपूर्वी त्याच्या शाहूपुरीतल्या जिममध्ये दाखल झाले. नव्या माणसाला तो जे सांगायचा, तेच त्यानं त्यांनाही सांगितलं होतं. आधी दहा मिनिटं अंग गरम करायचं. पंधरा दिवस नुसता रॉड, वजनाच्या प्लेटला हात लावायचा नाही. श्वास कोंडायचा नाही. आणि शेवटी ठरलेलं एक: दुखणारच. दुखलं म्हणजे व्यायाम अंगी लागतोय. दुखलं म्हणून घरात बसला, तो संपला. पोरं हे ऐकून हसायची. काकांनी मात्र शाळेत गुरुजींपुढं डोलवावी तशी मान डोलावली होती.

सकाळी पावणेसातला फोन आला तेव्हा तो एकाच्या छातीवरच्या रॉडला हात लावून उभा होता. मोबाइल त्यानं कान आणि खांद्याच्या मधे धरला.

“सर, छातीत भरल्यागत वाटाय लागलंय. डावा हातबी ओढतोय.”

“काका, काल चेस्टचा व्यायाम केलाय आपण. दुखणारच. गरम पाण्यानं अंघोळ करा, उद्या या.”

अर्धा मिनिटसुद्धा नाही. घाम आलाय का, एवढंही त्यानं विचारलं नव्हतं. संध्याकाळच्या बॅचला काकांच्या गल्लीतला एक जण बातमी घेऊन आला, तेव्हा तो एका नव्या मुलीला तेच शेवटचं वाक्य सांगत होता.

“सकाळपासनं काय खाल्लंसा का न्हाय?” शालूबाईंनी पिशवीतून डबा काढला. “जावंनं भाकरी दिलीया. माझ्या तर घशाखाली उतरंना. तुमी तरी खावा.”

“नको काकू.” तो उभा राहिला. बसून सांगता येईना. “काकू, आज सकाळी काकांनी मला फोन केला होता. छातीत दुखतंय म्हणून सांगितलं त्यांनी. मी म्हणालो, व्यायामाचं आहे.”

डब्याचं झाकण शालूबाईंच्या हातात तसंच राहिलं. आता या ओरडणार, असं त्याला वाटलं. त्यांनी ओरडावं, असंही वाटलं.

“म्हाईत हाय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “फोन मीच लावून दिलता. स्पीकरवर हुता.”

तो पुन्हा बाकावर टेकला.

“तुमचं ऐकलं आन् मला बरं वाटलं बगा. त्यास्नी म्हटलं, सर म्हणत्यात न्हवं, पडा गप. आंबेहळद उगाळून लावली छातीला. ते म्हणाले, अगं, हे येगळंच दुखतंय. मी म्हटलं, नऊ दिसांत कटाळलासा व्हय?” झाकण डब्यावर बसेना. “दोनदा म्हणाले वो सर. दोनदा.”

हॉस्पिटलचा जिना चढताना दत्तप्रसादला वाटत होतं, हे ओझं जगात आपल्या एकट्याच्याच डोक्यावर आहे. आणि ही बाई दुपारपासून तेच घेऊन इथं बसली होती, वर त्यालाच भाकरी खा म्हणत होती.

“पुण्यासनं पोरगी निघालीया,” शालूबाई म्हणाल्या. “ती आल्या आल्या इचारणार. बापावर लई जीव हाय तिचा. काय सांगू तिला?”

लिफ्ट उघडली आणि खांद्याला बॅग अडकवलेली निशिगंधा बाहेर आली. आईकडं न बघता ती सरळ आयसीयूच्या दाराशी गेली. दाराच्या काचेला कपाळ टेकवून बराच वेळ आत बघत राहिली. मग वळली.

“डॉक्टर खाली भेटले. सहा तास अंगावर काढलं म्हणाले.” तिचा आवाज चढला. “सहा तास, आई! आप्पा घरातच होते ना? छातीत दुखतंय म्हणून कुणालाच बोलले नाहीत?”

दोन्ही हातांनी शालूबाईंनी डबा पोटाशी घट्ट धरला.

“बोलले होते,” दत्तप्रसाद म्हणाला.

निशिगंधानं पहिल्यांदाच त्याच्याकडं पाहिलं.

“मी त्यांचा जिमचा ट्रेनर. त्यांनी मला फोन केला होता, आणि व्यायामाचं दुखणं आहे म्हणून मीच त्यांना गप्प केलं. काकूंना ह्यातलं काही ठाऊक नाही.” तो उठून शालूबाईंच्या पुढं उभा राहिला. “मला एकट्यालाच सांगितलं होतं त्यांनी.”