करंजाच्या दोन रांगा

तेविसाव्या दिवशीही करंजाच्या दोन्ही रांगा सारख्याच टवटवीत होत्या. त्र्यंबकचं तोंड तेवढं सुकलं होतं.

एका रांगेवर संप्रेरकाचं औषध, दुसरीवर नुसतं पाणी फवारलेलं. त्यानंतर रोपांच्या मुळांना थेंबही द्यायचा नव्हता. औषधानं पानं आपली छिद्रं मिटतात आणि ओल राखून ठेवतात, असं त्र्यंबकचं म्हणणं. ते खरं ठरलं तर दर उन्हाळ्यात उघड्या माळावर वाळून जाणारी हजारो रोपं जगणार होती. पण त्यासाठी आधी साधी रोपं कोमेजायला हवी होती, आणि ती निगरगट्टासारखी उभी होती.

कुठल्या रांगेला काय, हे त्यानं नाणं उडवून ठरवलं होतं. ते फक्त त्याला ठाऊक होतं आणि त्याच्या वहीत लिहिलेलं होतं. इतरांना एकदा कळलं की त्यांचे डोळे लबाडी करतात, असं तो म्हणायचा. फवारणीही स्वतःच करायचा, तीही रविवारी, कॉलेजच्या रोपवाटिकेत कुणी नसताना.

एरवी तिथं तानाबाईचं राज्य होतं. वीस वर्षं खुरपं धरलेली ही चंदगडकडची बाई प्राचार्यांनाही बोलायला कमी करत नसे. शाहूपुरीतल्या खोलीवर एकटा राहणारा आणि जेवायचं विसरणारा त्र्यंबक मात्र तिचा फार लाडका होता. ती रोज त्याच्यासाठी एक भाकरी जास्तीची थापायची.

"सर, खाऊन घ्या आदी."

"नको, तानाबाई. औषध फसलं. साधी रोपंही तेवढीच जगली, मग औषधाचा उपयोग काय? उद्या प्राचार्यांना पत्र देतो, काम बंद म्हणून."

"आन् तीन वर्सं राबला त्ये?"

"गेली वाया."

तानाबाई मटकन खाली बसली. पदर डोळ्यांना लावला. तिला रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"सर, शिव्या द्या, पर ऐका. म्या पानी घातलंय."

त्र्यंबकनं झटकन मान वर केली. "साध्या रांगेला?"

"न्हाय वो. औषधाच्या. तुमी वर्गात गेला की रोज गुपचूप कळशीभर. तुमचं औषध हरू ने म्हनून. येवढा जीव काढताय, माझ्यानं बघवंना."

त्याची उरलीसुरली आशाही मावळली. चोरून पाणी पिऊनसुद्धा औषधाची रोपं साध्यांच्या पुढं गेली नव्हती! रागवावं असं त्याच्या मनात आलं, पण समोर बसलेल्या बाईकडे पाहून राग टिकला नाही. आईनंतर इतकं कुणी त्याच्यासाठी केलं नव्हतं.

"असू दे, रडू नका," तो म्हणाला. मग एकदम थबकला. "पण औषधाची रांग कुठली, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सांगाय कशाला पायजे? चांगल्या कामाला उजवीकडनंच हात घालत्यात की. उजवीच असनार."

"आणि डावीला किती घातलंत?"

"तिला कशाला घालू? थेंब न्हाय. आंबाबाईची शपत!"

त्र्यंबकनं खात्रीसाठी वही उघडली. पान दोनदा वाचलं. मग तोही तिच्यासमोर मातीतच बसला.

"तानाबाई, औषध डावीला होतं."